दत्तोबाचा उजवा हात

तळेगाव दाभाडे
१२ जानेवारी २०२५

छबूवहिनी,

नमस्कार. पत्र कुणाचं म्हणून आधी खालची सही पाहिली असेल, तर एक विनंती आहे. चुलीत घालण्याआधी एकदा वाचा, मग खुशाल घाला. मी उद्धवराव. चिखलीच्या शेडमध्ये दत्तोबा ज्या टाकीवर होता, त्या खात्याचा सुपरवायझर. तुमच्या घरी एकदा जेवूनही गेलोय, अपेक्षाच्या बारशाला. पुढे आपली भेट झाली नाही, आणि का झाली नाही ते दोघांनाही ठाऊक आहे.

आजच्या काळात पत्र कोण लिहितं, असं वाटेल. मला डॉक्टरांनी लिहायला लावलंय. चार वर्षांपूर्वी मला कंपवात निघाला. डॉक्टर पार्किन्सन म्हणतात. उजवा हात रिकामा बसला की आपोआप हलायला लागतो. उंबऱ्याशी पाय अडतात. चेहऱ्यावरचं हसूही गेलंय म्हणे. नात सृष्टी दर दोन दिवसांनी विचारते, आजोबा, तुम्ही माझ्यावर रागावलात का? आणि अक्षर बारीक होत जातं. ओळ सुरू होते ठसठशीत आणि संपेपर्यंत वाचणाऱ्याला भिंग लागतं. म्हणून स्वरूपा डॉक्टरांनी हुकूम सोडला: रोज एक पान, दुरेघी वहीत, मोठ्या अक्षरात. पहिला आठवडा मी पेपरचे मथळे उतरवले. दुसरा आठवडा पाढे. नंतर म्हटलं, कुणाला तरी लिहावं. पहिलं नाव तुमचंच आलं.

कारण असं. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी माझी चांगलीच उलटतपासणी घेतली. कुठे कुठे नोकरी केली, काय हाताळलं, शेतात तणनाशक फवारलं का, डोक्याला कधी मार लागला का, घराण्यात कुणाला होतं का. मी म्हटलं, बाई, यातलं नेमकं कशानं झालं तेवढं सांगा. त्या म्हणाल्या, "काका, असं बोट ठेवून कुणालाच सांगता येत नाही. या गोष्टींनी धोका वाढतो असं दिसतंय, एवढंच. कधी यातलं काहीच नसतं आणि तरी होतो."

मी त्यांना टाकीबद्दल सांगितलं. तेलकट पार्ट धुवायची ती गरम टाकी, आणि तिच्यातलं ते औषध, ज्याला आम्ही सगळे नुसतं 'ट्राय' म्हणायचो. ग्रीसचे हात आम्ही त्यानेच धुवायचो. युनिफॉर्मचे डागही त्यानेच काढायचो आणि वर म्हणायचो, धोब्याची गरज नाही. दत्तोबा चौदा वर्षं त्या टाकीवर वाकलेला, आणि मी दहा पावलांवर टेबल टाकून बसलेला. डॉक्टर म्हणाल्या, त्या औषधावर संशय आहे, काही देशांत बंदीही येतेय.

म्हणून विचारतो. कामावरून गेल्यावर दत्तोबाचा कापणारा हात थांबला का? की वाढला? तरुणपणी तो तालमीत जायचा, तिथे डोक्यावर आपटला होता का? तुमच्या कांद्याच्या वावरात फवारणी तोच करायचा का? हे सगळं फक्त डॉक्टरांच्या माहितीसाठी हवंय. गैरसमज नसावा.

आपला,
उद्धवराव


काळूस, ता. खेड
२७ जानेवारी २०२५

श्री. उद्धवराव यांस,

मी अपेक्षा, दत्तोबांची मुलगी. आईला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून तुमचं पत्र मी मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटच्या दहा ओळी तर मलाही खिडकीशी नेऊन वाचाव्या लागल्या. आईने सगळं ऐकलं, उठली आणि गोठ्यात गेली. त्यामुळे उत्तर मी लिहितेय.

पप्पा २०१४ साली वारले. तुम्हाला हे माहीत नव्हतं असं दिसतं. निदान तसं दाखवलंत. अकरा वर्षांनी वरातीमागून घोडं आलं आणि ते पप्पांनी फवारणी केली होती का ते विचारतंय.

माझ्याकडे तुमचं एक जुनं पत्र आहे. तुम्ही कंपनीला लिहिलेलं, आणि कंपनीने ज्याची नक्कल पप्पांच्या हातात ठेवून त्यांना घरी पाठवलं ते. तारीख १४ सप्टेंबर २००५. "सदर कामगाराचे हात थरथरत होते, चाल अडखळत होती, तोंडाला दारूचा वास येत होता." खाली तुमची सही, छान मोठ्या अक्षरातली. मी सात वर्षांची होते. शाळेत मला बेवड्याची पोरगी म्हणायचे. नंतर मी मोठी झाले, चाकणला कंपनीत क्वालिटीला लागले, आणि पहिल्या दिवशी माझ्या सुपरवायझरने विचारलं, तू काळूसच्या दत्तोबाची का? आपला हा पट्टा फार लहान आहे, साहेब.

तुम्ही आजारी आहात याचं मला वाईट वाटतं. खरंच वाटतं, मी तो आजार घरात पाहिलाय. पण डॉक्टरांच्या माहितीसाठी आमच्याकडे काही नाही. पुन्हा लिहू नये.

अपेक्षा


तळेगाव दाभाडे
६ फेब्रुवारी २०२५

चि. अपेक्षा,

लिहू नये म्हणालीस आणि मी लिहितोय. दत्तोबा गेला हे मला खरंच माहीत नव्हतं. विचारलं असतं तर कळलं असतं. विचारलं नाही, कारण कळायला नको होतं.

पहिल्या पत्रात एक गोष्ट मी लपवली. डॉक्टरांच्या माहितीसाठी वगैरे ठीक आहे, पण मी लिहायला बसलो त्याचं कारण दुसरंच. गेल्या दिवाळीपासून तुझे वडील माझ्या उजव्या खांद्याशी उभे असतात. हसू नकोस. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही, आयुष्यभर टाकीचं तापमान लिहिण्यात गेलं. पण दुपारी जेवायला बसलो की बाजूला कुणीतरी उभं असल्याचं जाणवतं. मान वळवली की खिडकीचा पडदा असतो. तळ्याकाठी सकाळी फिरायला जातो, तेव्हा माझ्या पावलांबरोबर त्याचीही पावलं. तो बोलत नाही. हातात टाकीत बुडवायची पार्टांची जाळी असावी असं त्याचं उभं राहणं. एकदा तर सुनेला म्हणणार होतो, अजून एक ताट वाढ.

डॉक्टरांना सांगितलं. त्या म्हणाल्या, या आजारात असं कुणीतरी जवळ असल्याचं पुष्कळांना वाटतं, औषधानेही वाटतं, घाबरू नका. मी विचारलं, मग नेहमी दत्तोबाच का? त्यावर त्यांनी गोळी बदलून दिली.

मला एवढंच जाणून घ्यायचंय, तुझ्या वडिलांना हा आजार कशानं झाला असेल. फवारणीमुळे असेल, तालमीतल्या मारामुळे असेल. तसं असेल तर कदाचित ते मला सोडतील. हे लिहिताना लाज वाटतेय, पण खरं आहे.

उद्धवराव


काळूस
२ मार्च २०२५

उद्धवराव साहेब,

मी छबू. हे पत्र पोरीला न सांगता लिहितेय. ती फर्स्ट शिफ्टला गेलीये, दुपारपर्यंत येत नाही. सातवी शिकलेय, लिहायला येतं, फक्त सवय राहिली नाही. तुमचं दुसरं पत्र तिनं फाडलं, पण मी तुकडे जुळवले. तुमच्या अक्षरांची वारूळभर मुंगी झालीये, सुईत दोरा ओवल्यासारखं वाचलं.

तुम्ही म्हणता, ते तुमच्या शेजारी उभे राहतात. माझ्याकडे कधी आले नाहीत. अकरा वर्षांत एकदाही नाही. मी वाट बघते.

आता तुमच्या प्रश्नांचं. तालमीत ते गेले, पण आमच्या लग्नाआधी, दोन हिवाळे. कधी डोक्यावर पडल्याचं बोलले नाहीत. फवारणी म्हणाल, तर कामावर होते तोवर पंप पाठीला लावला नाही, वावर दीरच बघायचे. काम गेल्यावर मात्र रोजंदारीनं दुसऱ्यांच्या वावरात फवारणी करायला जायचे. तणनाशकाचा पंप गळायचा, पाठ ओली व्हायची. दुसरं कोण कामाला घेणार होतं? तुमच्या पत्राची बातमी गावात त्यांच्या आधी पोचली होती.

डोक्याला मार लागला का, हेही विचारलंत. तो लागला. तोच सांगायला बसलेय. हे आजवर कुणाला सांगितलं नाही.

कंपनीचं पत्र घेऊन आले तेव्हा ते म्हणाले, मी घेतली न्हाई. मी म्हटलं, सुपरवायझर काय येडा हाय का, वास आला म्हनून लिवलंय त्यानं. घरात तर मी रोज बघत होते, जेवताना हात कापायचा, चहा बशीत सांडायचा. दारू पिणारे माझे दोन चुलते मी बघितलेत, त्यांचे हात असेच कापायचे. वास मला कधी आला नाही, हे खरं. पण ते घरी यायचे ते त्या ट्रायच्या गोडसर वासात बुडून, दुसरा वास कळणार कुठून?

मग माझ्या भावानं आणि दिरानं ठरवलं की दत्तोबानं खंडोबापुढं बेलभंडारा उचलायचा. आमच्यात ती शेवटची शपथ, त्यापुढं कोर्ट नाही. खोटं बोलून भंडारा उचलणाऱ्याचं वाटोळं होतं, हे पोराटोरांना ठाऊक. चंपाषष्ठीचा दिवस होता, अर्धं गाव देवळात. ते पुढं झाले. उजव्या हातात बेलाचं पान आणि मूठभर भंडारा घेतला आणि म्हणाले, "म्या दारूला शिवलो न्हाई." सगळे त्यांच्या हाताकडं बघत होते. हात कापायला लागला. जितकं बघत होते, तितका जास्त कापत होता. सगळा भंडारा त्यांच्या पायावर सांडला. कुणीतरी म्हणालं, देवानं घेतला न्हाई बघा.

मी पायरीवर होते. ते खाली उतरून माझ्याकडं आले, मला काहीतरी सांगत होते. मी दोन्ही हातांनी त्यांना ढकललं. देवाच्या दारात खोटं बोलला म्हणून. ते मागं पडले आणि डोकं दगडी पायरीच्या कोपऱ्यावर बसलं. रक्त आलं. उठून बसले आणि माझ्याकडं बघत राहिले. शिवी दिली नाही.

पुढं हात वाढतच गेला, पाय घासायला लागले. २०११ साली पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं कंपवात सांगितला, आणि मला विचारलं, बाई, यांच्या डोक्याला कधी मार लागला होता का? मी नाही म्हणाले. ते माझ्या शेजारच्या स्टुलावर बसले होते. त्यांनीही मान हलवली, नाही म्हणून.

आता माझा प्रश्न ऐका. मी असं धरून चालले की आधीचं कापणं दारूचं, आणि नंतरचं माझ्या ढकलण्याचं. दारू तर नंतर त्यांच्याजवळ फिरकली नाही, हे मी डोळ्यांनी बघितलं, मग हात का थांबला नाही? कारण मी पाडलं. पण ते जर खरंच पीत नसतील, तर आधीचं कापणं कशाचं? मग आजार आधीपासूनच होता आणि मी तो केला नाही. तुम्ही वास घेतलात. तुम्हीच सांगू शकता. त्या दिवशी त्यांच्या तोंडाला वास होता का? हो की नाही, एवढंच लिहा. बाकी काही नको.

छबूबाई


तळेगाव दाभाडे
१५ मार्च २०२५

छबूवहिनी,

पत्र मिळालं. वाचून फार वाईट वाटलं.

स्वरूपा डॉक्टरांना विचारलं, नाव न घेता. त्या म्हणाल्या, डोक्याला जोराचा मार लागला तर पुढे काही वर्षांनी या आजाराचा धोका वाढू शकतो, असं अभ्यासात दिसतं. पण एकट्या त्यानेच झाला असं म्हणता येत नाही. तेव्हा तुम्ही म्हणता तेही एक कारण असू शकतं, नाही असं नाही. फवारणीचंही असू शकतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, जे झालं ते रागाच्या भरात झालं.

वीस वर्षांपूर्वीचं मला आता नीट आठवत नाही. तेव्हा जे दिसलं ते लिहिलं असणार. प्रकृतीला जपा.

उद्धवराव


काळूस
२० एप्रिल २०२५

उद्धवराव साहेब,

म्हणजे ते माझंच. बरं झालं, एकदा कळलं.

१८ मे रोजी अपेक्षाचं लग्न आहे. मुलगा ताथवड्याला कॉलेजात शिकवतो, ओम नाव आहे, चांगला आहे. मी सांगून टाकलंय, हळद मावशीनं लावायची, केस मावशीनं विंचरायचे, मी मांडवात मागं बसेन. पोरीला वाटतं, नवरा गेलेली बाई म्हणून मी मागं सरतेय. ती माझ्याशी तीन दिवस भांडली. म्हणाली, आई, असली जुनाट थेरं माझ्या लग्नात चालायची नाहीत. तिला काय सांगू? ज्या हातांनी तिच्या बापाला पाडलं, ते हात तिच्या तोंडाला लावायचं मला होत नाही. भाकरी थापताना त्यांच्याकडं बघत नाही.

यात्रेला पण देवळात गेले नाही. त्या पायऱ्या मला लांबून दिसतात तेवढं पुरे.

आता उत्तर नको.

छबूबाई


तळेगाव दाभाडे
३ मे २०२५

छबूवहिनी,

उत्तर नको म्हणालात, तरी हे वाचा. अपेक्षाच्या हळदीआधी वाचा. मी एका पानाला एक दिवस घेतोय, म्हणजे अक्षर मोठं राहील. दिग्विजय, माझा मुलगा, म्हणाला, पप्पा, मी टाइप करून देतो. मी नको म्हटलं. हे माझ्या हातचंच असलं पाहिजे.

तुम्ही विचारलंत, हो की नाही. नाही. त्याच्या तोंडाला वास नव्हता. आणि असता तरी मला कळला नसता.

माझं नाक तेव्हा बंद पडून दोन-तीन वर्षं झाली होती. म्हणजे श्वास चालायचा, वास यायचा नाही. फोडणी जळली तरी कळायचं नाही. डॉक्टर आता म्हणतात की या आजारात नाक असं पुष्कळ वर्षं आधी जातं. कदाचित त्या औषधानेही गेलं असेल. तेव्हा मला एवढंच कळत होतं की हे बाहेर कळलं तर माझी नोकरी जाईल. टाकीवर गळती दाखवणारं मीटर-बिटर काही नव्हतं. ट्राय गळतंय की नाही, हे ओळखायला सुपरवायझरचं नाक हेच यंत्र, आणि ते यंत्र बंद. मी कुणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही, ती हयात होती तोवर.

त्या दिवशी काय झालं ते ऐका. टाकीचं झाकण चार महिने तुटलेलं होतं. दुरुस्तीची चिठ्ठी मी मालकाकडे न्यायची, ती माझ्याच खिशात राहिली, कारण उत्पादन थांबलं असतं. दत्तोबाच्या हातून जाळी निसटली, गरम ट्राय उडालं, शेजारच्या पोराचा पाय भाजला. मालक शेडमध्ये आला, म्हणाला, कारण काय? झाकण म्हटलं असतं, तर मी अडकत होतो. दत्तोबा बाजूला उभा होता, त्याचा हात हलत होता. मी लिहिलं, दारू. आणि दारू म्हटलं की वास लागतो, म्हणून वासही लिहिला.

आता जे लिहितोय ते सगळ्यात वाईट. तो पीत नाही हे मला माहीत होतं. नुसता अंदाज नव्हता, माहीत होतं. दोन वर्षं मी त्याचा हात रोज बघत होतो. जाळी उचलली की हात स्थिर व्हायचा, आणि जेवणाच्या सुट्टीत मांडीवर ठेवला की पुन्हा सुरू. दारुड्याचं असं नसतं, एवढं मलाही कळत होतं. एकदा त्याने मला दाखवलाही. म्हणाला, राव, हे बघा की, हा माझं ऐकतच न्हाई. मी म्हटलं, थंडीनं होतं, काम कर. म्हणजे वहिनी, २००३ सालीच त्याचा हात कापत होता. तुम्ही त्याला ढकललंत त्याच्या पुरी दोन वर्षं आधी. मी साक्षीदार आहे, एकटाच.

हा आजार त्याला कशानं झाला ते मला सांगता येत नाही, डॉक्टरांनाही येत नाही. टाकी असेल, नशीब असेल. तुमच्या ढकलण्याने जखम झाली असेल, त्रास वाढलाही असेल, ते मला कळत नाही. पण सुरुवात तुम्ही केली नाहीत. मार्चच्या पत्रात हे मी लिहू शकत होतो. तुमचं पत्र वाचल्यावर मला काय वाटलं सांगू? सुटलो, असं वाटलं. टाकी नाही, माझं झाकण नाही, बाईनं पाडलं म्हणून झालं. दोन दिवस मला झोपही छान लागली. आणि दत्तोबा तेव्हापासून उजवीकडून पुढे आलाय. आता समोरच उभा असतो, मी लिहीत असलो तरी.

हे पत्र कुणालाही दाखवा. गावात वाचून दाखवा, कंपनीत चिकटवा. मी नाही म्हणणार नाही. क्षमा मागायचं तोंड मला नाही, तरी मागतो.

उद्धवराव


काळूस
११ जून २०२५

उद्धवराव,

लग्न झालं. तुमचं पत्र हळदीच्या आदल्या दिवशी आलं आणि पोस्टमननं ते अपेक्षाच्याच हातात दिलं. मला वाटलं, गेलं आता चुलीत. तिनं ते दारात उभ्यानं वाचलं. मग आत जाऊन कपाटातून ते कंपनीचं पत्र काढलं आणि दोन्ही कागद घेऊन माझ्यापुढं बसली. मी सगळं सांगितलं, भंडाऱ्याचं, पायरीचं, दवाखान्यात खोटं बोलले त्याचं. तिनं तुमच्या पत्रातली २००३ सालची ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाली, "आई, तुज्या ढकलन्यानं न्हाई झालं. आदीपासूनच व्हतं." दुसऱ्या दिवशी हळदीची वाटी तिनं माझ्याच हातात ठेवली. मी लावली. मावशीनं नंतर.

दोन्ही पत्रं तिनं माझ्या भावाला आणि दिराला वाचून दाखवली. भाऊ रडला. दीर उठून वावरात गेले, ते संध्याकाळपर्यंत आले नाहीत. गावात आता हळूहळू पसरतंय. मेलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग, असं लोक म्हणतात. मला उपयोग आहे. पोरीला आहे.

तुम्हाला क्षमा करायची की नाही, हे मी अजून ठरवलं नाही. खरं लिहिलंत, उशिरा का होईना. माझ्या छातीवरून एक धोंडा उचललात. पण त्या जागी दुसरा ठेवलात, तेही तुम्हाला कळायला हवं. आजवर मी म्हणत होते, पिऊन आलेल्या नवऱ्याला ढकललं. आता कळतं, शुद्धीतल्या, खरं बोलणाऱ्या माणसाला ढकललं. तो धोंडा कुणी उचलायचा नाही, तुमच्या डॉक्टरनंही नाही. असू द्या, तो माझाच आहे.

तुम्ही लिहिलंत, नाकाचं कुणाला माहीत नव्हतं. एवढ्यासाठीच हे पत्र लिहितेय.

त्यांना माहीत होतं. कंपनीचं पत्र घेऊन आले त्याच रात्री जेवताना ते मला म्हणाले होते, "उद्धवरावाला वासच येत न्हाई गं. ट्राय गळून शेडभर झालं तरी त्यो तिथंच बसून डबा खातो, मीच त्याला भायेर काढतो. त्यो काय माझ्या तोंडाचा वास घेनार?" मी विचारलं, मग मालकाला का नाही सांगितलं हे? तर म्हणाले, "सांगितलं तर त्याची नोकरी जाईल. त्याचंबी पोरगं शाळंत हाय."

मी चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि म्हटलं, पिऊन आलं की असंच काहीबाही सुचतं माणसाला.

छबूबाई